घाटावर चालतं, धरणाच्या मध्यावर बंद पडतं: बोटीच्या ओबीएम मशीनचं दुखणं कसं शोधायचं

ओबीएम म्हणजे आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागे बाहेरून लावायचं मशीन. घाटावर दोरी ओढली की पहिल्या-दुसऱ्या झटक्यात ते सुरू होतं. दहा-पंधरा मिनिटं झकास पळतं. किनारा लांब राहिला की आवाज बसायला लागतो, नाहीतर एकदम गप्प होतं. जरा थांबून ओढलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. वल्हवत वल्हवत किनाऱ्याला आणून टिपाडात, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिंपात लावावं, तर तिथं दिवसभर चालेल असं वाटतं. पैठणचा नाथसागर असो, माजलगाव, येलदरी की नांदेडचं विष्णुपुरी, बोट बाळगणाऱ्यांची तक्रार हीच. तिचा हंगामही ठरलेला आहे. पावसाळा सरत आला, धरणं भरली आणि चार-सहा महिने कोपऱ्यात पडलेली मशीनं बाहेर निघाली की ती सुरू होते.

तिच्यावरचा इलाजही ठरलेला. कुणीतरी म्हणतं, "मामा, प्लग बदलून टाका." प्लग बदलला जातो, मशीन सुरू होतं, सगळे खूश होतात. पण प्लग बदलेपर्यंत मशीन थंड झालेलं असतं, टाकीचं झाकण एकदा उघडलेलं असतं, बहुतेक वेळा ताजं पेट्रोलही पडलेलं असतं. गुण यातल्या एखाद्या गोष्टीचा असतो आणि नाव प्लगचं होतं. मग पुढच्या रविवारी तेच दुखणं पुन्हा दारात.

माझा आग्रह असा, की पाना हातात घेण्याआधी मशीन बंद कसं पडलं ते नीट आठवा. आपल्याला आठवत नसेल तर बोटीत पुढे बसलेल्याला विचारा. धापा टाकत टाकत बंद पडलं, तापून बंद पडलं, की बटण दाबावं तसं एका क्षणात बंद पडलं? तिन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. हे एवढं कळलं तरी निम्मं काम होतं.

त्याआधी माणसांचं. नाथसागर सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटर रुंद पसरतो. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा धरला की चांगल्या लाटा उठतात, आणि मशीन बंद पडलेली बोट लाटांना आडवी होते. म्हणून मशीन बंद पडलं की आधी नांगर टाकायचा, मग मशीनकडे बघायचं. नांगराची दोरी बोटीच्या पुढच्या टोकाला बांधा. मागे बांधू नका, कारण मशीनच्या वजनाने मागची बाजू आधीच खाली गेलेली असते आणि लाट तिथूनच आत येते. दोरी पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी सोडा, नाहीतर नांगर धरत नाही. लाइफ जॅकेट अंगावर आणि पट्टे आवळलेले हवेत. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट ऐनवेळी सापडत नाही. वल्ह्यांची जोडी बोटीत नसेल तर मशीन कितीही नवं असू दे, बोट घाटावरून हलवू नका.

धापा टाकत बंद पडलं तर

जोर दिला की अडखळतं, जोर कमी केला की थोडं सावरतं, आणि शेवटी ताकद सोडत सोडत बंद होतं, ते मशीन उपाशी आहे. पेट्रोल पोचत नाही, किंवा जे पोचतंय ते पेट्रोल राहिलेलं नाही. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत हाच प्रकार सगळ्यात जास्त असतो, म्हणून इथं जरा थांबतो.

टाकीकडून मशीनकडे जाणाऱ्या पाइपवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो. मशीन मरायला लागलं की लगेच त्याला हात लावून बघा. फुगा चपटा होऊन आत ओढला गेला असेल, तर अडचण फुग्याच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला आहे. फुगा मऊ लागला, आणि दाबत राहिलं की मशीन पुन्हा जीव धरत असेल, तर पाइपमध्ये कुठून तरी हवा शिरतेय किंवा मशीनवरच्या पेट्रोल पंपाचा पडदा गेलाय. आणि फुगा टणक असूनही मशीन मरत असेल, तर पेट्रोल दारापर्यंत आलंय. पुढे कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग बघायचा, नाहीतर खुद्द पेट्रोल.

चपट्या फुग्याचं सर्वांत साधं कारण म्हणजे टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. टेम्पोत टाकी आणताना पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळलेला असतो, आणि घाटावरच्या घाईत तसाच राहतो. पेट्रोल जाईल तशी आत हवा यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. भरलेली टाकी पटकन उपाशी ठेवते, निम्मी असेल तर जास्त वेळ चालते, म्हणून दर वेळी बंद पडण्याचं अंतर वेगळं येतं आणि माणूस चक्रावतो. स्क्रू सैल करताना सुस्स आवाज आला की रोग सापडला. पण भर उन्हात बंद ठेवलेल्या टाकीचाही असाच आवाज होतो. तेव्हा आतली वाफ बाहेर येत असते आणि टाकी फुगलेली दिसते. दोन्ही लक्षात ठेवा. स्क्रू उघडाच असेल, तर पाइप कुणाच्या पिशवीखाली दबलाय का बघा, मग टाकीतली पेट्रोल ओढणारी नळी काढून तिच्या तोंडाची जाळी साफ करा.

मऊ फुग्याच्या बाबतीत लोक पाइपवर ओल शोधतात आणि ओल नाही म्हणून पाइपला सोडून देतात. पण मशीन चालू असताना या पाइपमध्ये ओढ असते. फट असली तर पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. मशीन बंद ठेवून फुगा टणक होईस्तोवर दाबा आणि तसाच धरा, मग फटीतून थेंब दिसेल. टाकीच्या आणि मशीनच्या जोडावरचे रबरी रिंग, क्लिप आणि फुग्याची दोन्ही टोकं आधी तपासा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याखाली पडलेला पाइप वरून धड दिसतो, पण वाकवला की बारीक भेगा उघडतात. पाइप आतूनही सोलवटतो. सुटलेला पापुद्रा जोराच्या ओढीने आडवा येतो आणि ओढ थांबली की बाजूला होतो. असा पाइप दुरुस्त होत नाही, बदलायचाच.

आता पेट्रोल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. ओबीएम बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या आपल्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहितात. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. थोडं पाणी ते पोटात घालतं, पण पाणी वाढलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि जड असल्यामुळे टाकीच्या तळाला बसतात. ओढणारी नळी तळाशीच असते. म्हणजे टाकी पेट्रोलने भरलेली दिसते आणि मशीन पाणी पितं. टू-स्ट्रोकला, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या मशीनला, याचा दुसरा फटका जास्त मोठा आहे. ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहतं, खालच्या थरात ते नसतं, म्हणून त्या थरावर चाललेलं मशीन कोरडं घासतं. पिस्टनवर ओरखडे पडून आलेली मशीनं उघडल्यावर दोष ऑइलच्या कंपनीला दिला जातो. टाकीच्या तळाकडे कुणी बघत नाही.

तपासायला यंत्र लागत नाही. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढा आणि सावलीत, बिडी-सिगारेट नसलेल्या जागी पंधरा-वीस मिनिटं ठेवा. खाली वेगळा थर दिसला, किंवा सगळंच गढूळ दिसलं, तर ती टाकी पूर्ण रिकामी करा. वर ताजं पेट्रोल ओतून ते सुधारत नाही. मशीन घ्यायचं त्या दिवसाचं पेट्रोल त्या दिवशी भरा, आणि उरलं तर त्याच आठवड्यात संपवा. पाणी वेगळं करणारा फिल्टर पाइपवर बसवून घ्या, त्याचे पैसे वाया जात नाहीत.

ऑइलबद्दल एक सांगायला हवं. मोटारसायकलचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. पाण्यावर थंड होणाऱ्या टू-स्ट्रोक ओबीएमला डब्यावर टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलं ऑइल लागतं. प्रमाण मशीनच्या पुस्तकात बघा. ५०:१ लिहिलं असेल तर १० लिटर पेट्रोलला २०० मिली ऑइल होतं. "जरा जास्त टाकलं तर चांगलंच" म्हणून सढळ हाताने ओतलं की प्लग काळे होतात, आणि पुन्हा प्लगचीच चर्चा सुरू होते.

कार्बोरेटरमध्ये मागच्या हंगामाचं पेट्रोल आटून त्याचा चिकट थर जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात बसलेला असतो. तळाचा स्क्रू काढून वाटीतलं पेट्रोल बरणीत घ्या आणि बघा. जेट साफ करताना तार घालू नका. पितळेचं छिद्र केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. कार्बोरेटरचा स्प्रे मारायचा आणि हवेने फुंकायचं. काढलेलं पेट्रोल पाण्यात मात्र ओतू नका, थेंबसुद्धा नको. छत्रपती संभाजीनगर आणि जालना नाथसागराचंच पाणी पितात.

तापून बंद पडलं तर

भोंगा वाजला, मशीनने आपोआप वेग कमी केला, झाकणाला हात लावला तर चटका बसला, रंग जळाल्याचा वास आला. इथं बघायची जागा एक: मागून पडणारी पाण्याची धार. ओबीएम खालून धरणाचं पाणी ओढतं, इंजिनाभोवती फिरवतं आणि बाहेर टाकतं. त्यातलीच थोडी धार मागे दिसत राहते. ही धार बघायची सवय चालवणाऱ्याला नसेल तर बाकीची सगळी हुशारी फुकट आहे. दर दोन-चार मिनिटांनी मान वळवून बघा. धार बारीक झाली की मशीन बंद, मग चौकशी.

धार अजिबात नाही पण मशीन फारसं तापलेलंही नाही, असं असेल तर आधी धारेच्या तोंडात बारीक तार घाला. मशीन वापरात नसताना कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. पाणी आत नीट फिरत असतं, फक्त दिसत नाही. हे एका मिनिटाचं काम आहे.

नाहीतर मशीन वर उचला आणि पाणी ओढायच्या जाळ्या बघा. शेवाळ, प्लास्टिकची पिशवी, जलपर्णीची मुळं तिथं चिकटतात. पुढे सरकणारी बोट पिशवी दाबून धरते आणि थांबली की पिशवी सुटते. थांबल्यावर मशीन ठीक का होतं, त्याचं उत्तर बरेचदा इथं असतं.

जाळ्या साफ असतील तर इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातलं पाकळ्यांचं चाक. पाणबुडी मोटारी उघडणाऱ्या मराठवाड्यातल्या माणसाला इम्पेलर समजावून सांगायला नको, पण हा रबराचा असतो आणि कोरडा चालवला तर काही सेकंदांत जळतो. हवा तेवढी दोरी ओढून "आवाज तर बघू" म्हणत अंगणात मशीन सुरू करणं म्हणजे इम्पेलर मारणं. सहा महिने एकाच जागी उभा राहिला तरी त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. हळू चालवताना धार येते, जोर दिला की पाणी पुरत नाही. धरण उतरल्यावर गाळात बोट घातली की काळ्या मातीचा गाळ आणि वाळू इम्पेलरचं घर घासते. उघडल्यावर पाकळ्या मोजा. एखादी तुटलेली असेल तर तुकडा आत पाण्याच्या वाटेत अडकलेला असतो, तो काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून उपयोग नाही.

कोकणातून आणलेल्या जुन्या मशीनची गोष्ट वेगळी आहे. अलिबाग, मालवणकडे समुद्रात चाललेली मशीनं आपल्याकडे स्वस्तात येतात. खाऱ्या पाण्यात चालवल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायला हवीत. ज्याने धुतली नाहीत, त्याच्या मशीनमध्ये पाण्याच्या वाटांवर मिठाचा पांढरा थर बसतो आणि थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापलं की पाण्याची वाट उघडणारी झडप, जाम होतो. असं मशीन इम्पेलर नवा घालूनही तापतं. थर्मोस्टॅट काढून पातेल्यात पाणी तापवत बुडवा. पाणी तापता तापता तो उघडताना दिसला पाहिजे, नाही उघडला तर बदला. "काढूनच टाका, काय लागतोय" हा सल्ला ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय मशीन गरजेपेक्षा थंड चालतं आणि पेट्रोल नीट जळत नाही. मशीन घेतानाच खालचे पांढरट धातूचे ठोकळेही बघून घ्या. मशीनऐवजी गंज त्यांना खावा म्हणून ते लावलेले असतात. समुद्रात जस्ताचे चालतात. धरणाच्या गोड्या पाण्यात जस्तावर थर बसून ते निकामी होतात, तिथं मॅग्नेशियमचे लागतात.

एका क्षणात बंद पडलं तर

आधी लाल दोरी. चालवणारा पडला तर मशीन बंद व्हावं म्हणून असलेली ती दोरी गुडघ्याला लागून सुटली असेल. सैल झालेली क्लिप लाटेच्या हादऱ्यानेही निसटते. क्लिप बदला, पण वायर जोडून स्विच कायमचा बाद करू नका. माणूस पाण्यात पडल्यावर बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते, आणि पंखा चालू असतो.

धक्का बसून थांबलं असेल तर पंख्यात काहीतरी गुंतलंय. नाथसागरावर जाळी संध्याकाळी पडतात आणि सकाळी निघतात. थर्माकोलचे तुकडे, रिकाम्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की त्यांच्यामधून जाऊ नका. जाळं अडकलंच तर मशीन बंद, लाल दोरी काढलेली, मशीन वर, आणि पंखा हाताने उलटा फिरवून सोडवा. सुरी शेवटी. ते जाळं कुणा भोई भावाचं दोन वेळचं जेवण आहे. कापावंच लागलं तर त्याला शोधून भरपाई द्या. नंतर पंखा काढून मागे तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, राहिलाय का बघा. तंगूस सील कापतो, गिअरच्या तेलात पाणी जातं आणि तेल दुधाळ होतं. पाणी ओसरायला लागलं की बुडालेल्या बाभळींची खोडं आणि जुन्या विहिरींचे कठडेही पाण्याखाली टेकायला लागतात. आणखी एक: बॅकवॉटरच्या काठाला शेतकऱ्यांच्या मोटारींचे पाइप आणि केबल पाण्यात गेलेले असतात. त्या पट्ट्यात मशीन वर घेऊन वल्ह्यांनीच जा.

धक्का नाही, दोरी जागेवर, फुगा टणक, धार चांगली, तरी एकदम बंद. आणि अर्धा तास थंड झालं की छान सुरू. तेव्हा कॉइलवर, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागावर संशय घ्या. तापल्यावर आतला तुटका तार उघडतो, थंड झाल्यावर पुन्हा टेकतो. ठिणगी गरम असतानाच तपासावी लागते, दुसऱ्या दिवशी दुकानात ती व्यवस्थित दिसते. तपासायला स्पार्क टेस्टर वापरा. पेट्रोलची वाफ भरलेल्या बोटीत प्लग बाहेर काढून ठिणगी पाडणं धोक्याचं आहे.

टिपाडातली परीक्षा खोटी का ठरते

टिपाडात मशीनवर ओझं नसतं. मंद चालताना अर्धवट बंद जेट पुरतो, दमलेला पंप पुरतो, वाकलेला इम्पेलरही पुरतो. म्हणून दुरुस्ती झाली का हे पाण्यावर, ओझ्यासकट बघायचं. बोट जाड दोरखंडाने काठाच्या भक्कम झाडाला बांधा, मागे कुणी पोहत नाही याची खात्री करा, गिअर टाकून मध्यम जोरावर वीस-पंचवीस मिनिटं चालवा. फुगा, धार आणि आवाज, तिन्हींवर लक्ष ठेवा. पाणी इथं पुरेसं खोल हवं, नाहीतर गाळच ओढला जाईल. त्यात पास झालं की काठाकाठाने फेरी, तीही लेकरांना न घेता. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथं परवानगीशिवाय मशीन पाण्यात उतरवू नका, आणि परवानगी असली तरी थव्यांपासून लांब राहा.

हे फक्त सहलीच्या बोटींपुरतं नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत धाराशिव आणि बीडकडे बोटींनी माणसं बाहेर काढावी लागली. पुरासाठी ठेवलेलं मशीन वर्षभर पडून राहतं आणि एका रात्रीत लागतं, म्हणून त्याची काळजी तर जास्तच घ्यायला हवी. हंगाम संपताना पेट्रोलचा पाइप काढून मशीन टिपाडात आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर रिकामा होईल. टाकी कोरडी करा, हवेचा स्क्रू सैल सोडा. गिअरचं तेल बदला. धारेच्या भोकात कापडाची चिंधी खोचा आणि ती आहे हे झाकणावर खडूने लिहून ठेवा. मशीन उभंच ठेवा, सावलीत. महिन्यातून एकदा चिंधी काढून, टिपाडात जाळ्या बुडतील एवढं पाणी भरून, ताज्या पेट्रोलवर दहा मिनिटं चालवा, धार बघा आणि कार्बोरेटर पुन्हा रिकामा करून ठेवा.